खणातल्या चार गोळ्या

दोन वर्षांपूर्वी बकरी ईद आठ दिवसांवर आली असताना चाचीजानचा मला फोन आला. "बेटी, शाळा सुटली की सरळ इकडे ये. चाचांना काही सांगू नकोस." मी पोहोचले तेव्हा त्या दुकानात चाचांच्या शिलाई मशीनजवळ बसल्या होत्या. मांडीवर औषधांच्या बिलांची फाइल होती आणि हातात मशीनच्या खणातून काढलेली गोळ्यांची एक स्ट्रिप. तिच्यात चार गोळ्या शिल्लक होत्या.

चाचांना सहा वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया असे त्याचे नाव. ते दर तीन महिन्यांनी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात ओपीडीला जातात, रक्त तपासून घेतात आणि परत येतात. सलाइन नाही, इंजेक्शन नाही, दवाखान्यात भरती होणे नाही. रोज इमॅटिनिबची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायची, एवढेच उपचार. महिन्याच्या ३० गोळ्या चाचा स्वतः विकत आणतात आणि बिल चाचींकडे देतात.

दोन दिवसांपूर्वीच मुंबईचा रिपोर्ट आला होता. आजाराच्या पेशींचे रक्तातले प्रमाण दाखवणारा आकडा कितीतरी महिने ०.१ टक्क्याच्या खाली होता, तो एकदम १ टक्क्याच्या वर गेला होता. डॉक्टरांनी फोनवर विचारले, "गोळी नियमित चालू आहे ना?" चाचा म्हणाले, "हो, अगदी नियमित." पण चाचींना चैन पडेना. त्यांनी फाइल काढली. तीन महिन्यांची तीन बिले हवी होती; सापडले एकच. म्हणजे ९० दिवसांत ३० गोळ्या आणि त्यांतल्याही चार खणात. चाचांनी ९० पैकी २६ गोळ्याच घेतल्या होत्या.

काहीच झाले नाही म्हणून

त्या रात्री चाचा बराच वेळ गप्प होते. मग हळूहळू बोलू लागले. सुरुवात रमजानमध्ये झाली होती. एरवी ते दुपारच्या जेवणानंतर गोळी घेत. रोजे सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी त्यांनी ती इफ्तारनंतर घेतली. तरावीहला उभे राहिले आणि पोटात मळमळू लागले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवले, हा मुबारक महिना आहे, तेवढ्यापुरती गोळी बाजूला ठेवू. महिना सरला, ईद झाली. तब्येत उत्तम होती. ताप नाही, अशक्तपणा नाही. मग मनात आले, महिनाभर गोळी नव्हती आणि काहीच झाले नाही, तर रोज घेण्याची गरजच काय? त्यात मुलीच्या निकाहची तयारी चाललेली. एक दिवसाआड गोळी घेतली तर महिन्याचा खर्च निम्मा होणार होता.

ऐकताना मला माझेच शब्द आठवत होते. त्या रमजानमध्ये आम्ही सगळ्यांनी चाचांचे किती कौतुक केले होते! "कर्करोग असून एकही रोजा सोडला नाही," असे मी स्वतः चार ठिकाणी सांगितले होते. गोळीचे काय करता, हे मात्र आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते. घरात येणारे पाहुणे म्हणत, "तुम्ही तर ठणठणीत दिसता, अजून किती दिवस ही औषधे खाणार?" आम्ही ते हसून ऐकत होतो.

चाचांची चूक मोठी होती. पण ती त्यांच्या एकट्याची नव्हती, आणि जगात त्यांनी एकट्यानेच केलेलीही नव्हती, हे मला नंतर वाचताना कळले.

घरी आलेली केमो

एकेकाळी केमो म्हटले की हाताला लावलेली सलाइन आणि शेजारी उभी नर्स एवढेच डोळ्यांसमोर येई. आजही बऱ्याच कर्करोगांत तसेच उपचार होतात. पण गेल्या पंचवीस वर्षांत तोंडाने घ्यायच्या औषधांची संख्या खूप वाढली. मोठ्या आतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगात कॅपेसिटाबिन, मेंदूच्या गाठीत टेमोझोलोमाइड, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात मर्कॅप्टोप्युरिन, स्तनाच्या कर्करोगानंतर वर्षानुवर्षे टॅमोक्सिफेन. डॉक्टरांच्या हिशेबी यांतली काही केमो, काही हार्मोनची औषधे, तर इमॅटिनिबसारखी काही रोगपेशीतल्या नेमक्या बिघाडावर काम करणारी. घरात मात्र सगळ्यांचे नाव एकच, 'केमोची गोळी'.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगात स्वस्त गोळ्यांचा एक उपचार तपासला. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोन वेळा सेलेकॉक्सिब असा तो उपचार. ४२२ रुग्णांच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. शिरेतून सिस्प्लाटिन घेणाऱ्यांपेक्षा गोळ्या घेणारे रुग्ण सरासरी थोडे अधिक जगले. गरीब रुग्णासाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण खाट अडत नाही आणि मजुरीचे दिवस कमी बुडतात.

गोळीमुळे इतकी सोय झाली, पण तिच्यासोबत एक जबाबदारीही घरी आली. सलाइनची तारीख चुकली तर रुग्णालयाच्या नोंदीत ते दिसते. घरातली गोळी चुकली तर ते फक्त रुग्णाला आणि अल्लाहला ठाऊक असते.

तीन गोळ्यांचा हिशेब

चाचांच्या आजारात रक्त बनवणाऱ्या पेशींमधील दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलतात. त्यातून तयार झालेले 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' १९६० साली प्रथम दिसले. त्यामुळे पेशीला वाढत राहण्याचा हुकूम सतत मिळत राहतो. इमॅटिनिब तो हुकूम अडवते. २००१ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली आणि पूर्वी जो आजार काही वर्षांत माणसाला नेत असे, त्यात लोक दीर्घ आयुष्य जगू लागले. पण गोळी बहुधा रोगाचे मूळ पूर्ण उपटत नाही, त्याला दाबून धरते. हात सैल सुटला की रोग डोके वर काढतो, आणि सुरुवातीला माणसाला काहीच जाणवत नाही. चाचांचे 'काहीच झाले नाही' तेव्हा खरेही होते आणि फसवेही. शरीर गप्प होते, रक्त मात्र बदलत होते.

बेल्जियममध्ये इमॅटिनिब घेणाऱ्या १६९ रुग्णांचा अभ्यास झाला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. ठरवून दिलेल्या सगळ्याच्या सगळ्या गोळ्या बिनचूक घेणारे त्यात शंभरांत जेमतेम चौदा निघाले. ज्यांच्यावर औषधाचा परिणाम कमी दिसत होता, त्यांच्याच गोळ्या जास्त चुकत होत्या.

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टरांनी आणखी बारकाईने पाहिले. त्यांनी ८७ रुग्णांच्या औषधाच्या बाटल्यांना असे झाकण लावले की बाटली कधी उघडली याची नोंद त्यातल्या चिपमध्ये होई. तीन महिने ही नोंद ठेवली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शंभरांतल्या सुमारे सव्वीस जणांनी ९० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेतल्या होत्या. ९० टक्के ऐकायला चांगले वाटते, परीक्षेत तर आपण पेढे वाटले असते. पण महिन्याच्या ३० गोळ्यांत ९० टक्के म्हणजे तीन गोळ्या चुकलेल्या. ज्यांच्या त्याहून कमी चुकत होत्या, त्यांच्यापैकी शंभरांत सुमारे ९४ जणांचा आजार सहा वर्षांत ०.१ टक्क्याच्या पातळीपर्यंत खाली जाण्याची शक्यता होती. ज्यांच्या तीन किंवा त्याहून जास्त चुकत होत्या, त्यांच्यात ही शक्यता शंभरांत २८ एवढीच. आणि ज्यांनी ८० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेतल्या, त्यांच्यापैकी कोणीही तिथवर पोहोचले नाही.

लहान मुलांचेही तसेच आहे. रक्ताच्या तीव्र कर्करोगातून सावरलेल्या मुलाला पुढे दीड-दोन वर्षे किंवा अधिक काळ मर्कॅप्टोप्युरिन द्यावे लागते. मूल खेळत असते, शाळेत जात असते. अमेरिकेतल्या अभ्यासांत, ज्या मुलांच्या शंभरांत पाचपेक्षा जास्त गोळ्या चुकल्या त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका सुमारे अडीच पट आढळला.

गोळी का चुकते

नुसत्या विसरण्याने चुकणाऱ्या गोळ्या कमी, आणि कारणे असून ती न सांगितल्याने चुकणाऱ्या जास्त, असा माझा आता समज झाला आहे. त्रास होतो म्हणून माणूस गोळी टाळतो. इमॅटिनिबने मळमळ होते, पायात गोळे येतात, डोळ्यांभोवती सूज येते. कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. भाकरी थापणाऱ्या बाईला ते किती जड जात असेल, याचा विचार करा.

पैसा हे दुसरे कारण. आपल्याकडे इमॅटिनिबची स्वस्त भारतीय औषधे मिळतात. मूळ कंपनीच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, त्यामुळे ती मिळत राहिली. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर सांगितला जाई, त्याच्या तुलनेत भारतीय औषध काही हजारांत येई. तरी दर महिन्याचे काही हजार, तपासणी, मुंबईचे भाडे आणि बंद दुकानाचे दिवस मिळून शिलाईवर चालणाऱ्या घराला ओझे होतेच.

तिसरे कारण आपल्या घरांना चांगलेच माहीत आहे. मुलींचे रिश्ते येणार, म्हणून आईच्या स्तनाच्या कर्करोगाची वाच्यता नको. मग गोळ्या तांदळाच्या डब्यात लपतात, पाहुणे असले की त्या दिवसाची गोळी राहते. टॅमोक्सिफेन पाच वर्षे, काहींना दहा वर्षेही घ्यावी लागते. कॅलिफोर्नियातल्या ८,७६९ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ठरलेला पूर्ण काळ नीट औषध घेतलेल्या निम्म्याच निघाल्या. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, आणि 'ऑपरेशन तर झाले, आता कशाला' असे घरचेच म्हणतात. तरुण स्त्रियांना बाळ हवे असते. तेही न बोलता गोळी बंद करण्याचे कारण ठरते. वास्तविक यातली बरीच औषधे गर्भाला घातक आहेत, म्हणून बाळाचा विचार मनात येताच आधी डॉक्टरांशी बोलायला हवे.

आणखी एक शंका कानावर येते, ती कॅप्सूलच्या जिलेटिनची. ते कशापासून बनले, हलाल आहे की नाही? शंका रास्त आहे, पण म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. तेच औषध साध्या गोळीच्या रूपात मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे. मिळत नसेल तर आजाराचे स्वरूप सांगून जाणत्या आलिमांचा सल्ला घ्यावा. उत्तर मिळेपर्यंत औषध चालू ठेवावे.

रोजा आणि गोळी

चाचांना सर्वांत जास्त वाईट वाटत होते ते रोज्यांबद्दल. "मी रोज्यासाठी केले," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. शेवटी आमच्या मोहल्ल्यातले इमामसाहेब घरी आले. त्यांनी शांतपणे समजावले की, सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. सुटलेले रोजे नंतर पुरे करता येतात, आणि ज्याला पुढेही शक्य होणार नाही त्याच्यासाठी फिदिया आहे. अल्लाहने दिलेली सवलत घेण्यात कमीपणा नाही. उपवासाने शरीराला अपाय होईल का, हे डॉक्टरांना विचारायचे. कजा करायची की फिदिया द्यायचा, हे आलिमांना. चाचांनी दोघांनाही विचारले नव्हते.

पुढच्या ओपीडीला मी त्यांच्यासोबत मुंबईला गेले. या वेळी डॉक्टर मॅडमनी 'नियमित घेता ना' असे विचारले नाही. त्या म्हणाल्या, "चाचा, गेल्या तीन महिन्यांत किती गोळ्या राहिल्या? सगळ्यांच्याच राहतात, मला फक्त आकडा हवा." चाचांनी मान खाली घालून आकडा सांगितला. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी औषधाला दाद न देणारा बदल पेशींत झाला आहे का, हे पाहायला रक्त घेतले. अल्लाहचे आभार, तसा बदल नव्हता. असता तर दुसरे, अधिक महाग औषध सुरू करावे लागले असते.

रमजानची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, "एवढेच ना? ही दिवसातून एकदाची गोळी आहे. उपाशी पोटी नको, भरल्या पोटी आणि मोठा पेलाभर पाण्यासोबत हवी. इफ्तार हलकी करा, तरावीहनंतर नीट जेवा, आणि गोळी तेव्हा घ्या. उलट्या-जुलाब झाले, चक्कर आली तर रोजा सोडा आणि मला फोन करा." चाचा माझ्याकडे पाहतच राहिले. एका प्रश्नाने सुटणारी गोष्ट त्यांनी तीन महिने पोटात ठेवली होती.

हा सल्ला त्यांच्या औषधापुरता आणि तब्येतीपुरता होता, हे लक्षात घ्यावे. दिवसातून दोनदा घ्यायची, ठरावीक अंतराने घ्यायची किंवा उपाशी पोटी घ्यायची औषधे वेगळी असतात. म्हणून रमजानच्या महिनाभर आधीच आपापल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

घराने काय करावे

त्या दिवसांत शिकलेल्या काही गोष्टी लिहून ठेवते.

गोळीला रोजच्या कामाशी जोडा. दिवसातून एकदाची गोळी इशाच्या नमाजनंतरच्या जेवणाशी जोडली तर सहसा चुकत नाही. पण बारा तासांच्या अंतराने घ्यायच्या गोळीला नमाजची वेळ लावू नका. मगरिबची वेळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तासाहून अधिक सरकते. तिथे मोबाइलचा गजरच बरा.

आठवड्याची गोळी आठवड्यालाच. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतल्याने जीव जाऊ शकतो. डॉक्टरांना विचारून एक वार पक्का करा, जुम्मा लक्षात राहायला सोपा. तो वार पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा.

चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका. काय करायचे, हे औषध सुरू होतानाच विचारून ठेवा.

नियमित घेणे म्हणजे त्रास सोसत गिळत राहणे नव्हे. कॅपेसिटाबिन चालू असताना रोजच्यापेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जुलाब झाले, तोंड येऊन खाणे अशक्य झाले, तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालयाला फोन करा. केमोच्या कोणत्याही औषधावर असताना १००.४ किंवा त्याहून अधिक ताप आला तर सकाळची वाट पाहू नका.

काढे, जडीबुटी, कलौंजीचे तेल, कुठलेही दुसरे औषध घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. काही पदार्थ औषधाचे रक्तातले प्रमाण बदलतात. इमॅटिनिबसोबत ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात, आणि आपले पपनस त्याच कुळातले आहे. दुआ जरूर करा, गोळी घेऊन करा.

गोळ्या कुटू नका, कॅप्सूल उघडू नका. घरातल्या गरोदर बाईने त्यांना हात लावू नये. मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नका, रुग्णालयात परत द्या.

पैशाची अडचण असेल तर गोळी निम्मी करण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते, कोणत्या संस्थेची मदत होते, हे तिथे सांगतात. चाचांनी निकाहच्या खर्चाचे ओझे आम्हा कोणालाही सांगितले नव्हते. सांगितले असते तर गोळ्यांचे पैसे आम्ही भाऊ-बहिणींनी मिळून दिले असते. नंतर दिलेच.

आणि घरातल्या माणसांनी पहारेकरी होऊ नये. "घेतली का, घेतली का" असे दरडावून विचारले की माणूस "घेतली" म्हणून मोकळा होतो. चुकली तर सांगता येईल, असे घर असावे.

चाचांचा आकडा खाली येऊ लागला आहे. पूर्वी होता तितका अजून आलेला नाही. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मुलीचा निकाह साधेपणाने झाला. चाचींनी स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर लावले आहे. गोळी घेतली की चाचा त्या दिवसावर शिंप्याच्या खडूने खूण करतात.

यंदाच्या रमजानमध्ये तरावीहहून आल्यावर ते जेवायला बसत, तेव्हा चाची ताटाशेजारी पाण्याचा मोठा पेला ठेवत. ईदनंतर मुंबईला गेलो. डॉक्टर मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी काही बोलण्याआधी चाचा म्हणाले, "एक राहिली. सत्ताविसाव्या रात्री मशिदीतच थांबलो होतो." मॅडमनी कागदावर १ असा आकडा लिहिला आणि पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या.